मशीनची परीक्षा

“आधी माझी बघा,” असं म्हणत बन्सीधर बायकोच्या अगोदर टेबलावर आडवा झाला.

डॉक्टरांनी हातातल्या चिठ्ठीकडं बघितलं. चिठ्ठीवर नाव सरजाबाईचं होतं. गाठही सरजाबाईच्याच गळ्यात होती, चांगली लिंबाएवढी. पदरानं झाकली तरी दिसायची. ती कोपऱ्यात स्टुलावर बसून नवऱ्याकडं बघत होती.

“तुम्हाला काय होतंय?”

“मलाबी गाठ हाय,” बन्सीधरनं आवाज घोगरा केला. “घास गिळला की टोचायलीय.”

सरजाबाईनं पदर तोंडात कोंबला. सकाळीच ह्या माणसानं चार भाकरी गिळल्या होत्या.

बन्सीधर ताडकळसच्या बैलबाजारातला दलाल. बाजारात कुणी नवा माणूस पारखी म्हणून मिरवायला लागला, की बन्सीधर त्याच्यापुढं आधी आपल्याच गोठ्यातला बैल उभा करायचा. बैलाचं वय ह्याला पाठ. समोरच्यानं दात बघून बरोबर सांगितलं तर पुढचं बोलायचं, नाहीतर चहा पाजून वाटंला लावायचं. परभणीत सोनोग्राफीची मशीन नवीनच आली होती, तिलाही हाच कायदा. आपल्या गळ्यात काही नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मशीन ‘नाही’ म्हणाली तर खरी, मग सरजाबाईला पुढं करायचं. ‘हाय’ म्हणाली तर लबाड, मग सरळ घर गाठायचं. त्यांच्या भावकीतल्या एका बाईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला तो गेलाच. सरजाबाई दिवसभर बोलायची, त्यातलं निम्मं बन्सीधरला शिव्याच असायच्या. पण लबाड मशीनच्या शब्दावर तो तिचा गळा कुणाला कापू देणार नव्हता.

डॉक्टरांनी गळ्याला थंडगार चिकट काहीतरी फासलं आणि यंत्राची मूठ टेकवली. पडद्यावर राखाडी ढग हलायला लागले. मूठ डावीकडं सरकली आणि तिथंच थांबली. डॉक्टरांनी जरा दाबली. सोडली. परत दाबली.

“काय करायलाव?” बन्सीधरनं विचारलं.

“गाठ नुसती दिसून भागत नाही. ती किती कडक आहे ते बघावं लागतं. बाहेरच्या देशात आता हे पडद्यावरच मोजायचं चाललंय. माझ्याकडं तसली मशीन नाही, म्हणून मी दाबतो आणि बघतो. मऊ गाठ दाबली की चपटी होते. ही होत नाही. आजूबाजूचं सगळं दबतंय, ही आहे तशीच.”

“ही म्हंजी कोण?”

“तुमची गाठ. सुईनं तपासून घ्यावी लागेल. लवकर.”

बन्सीधर टुणकन उठून बसला. तोंडावर हसू मावत नव्हतं. “घावली! सरजे, चल ऊठ. लबाड हाय मशीन!”

“अहो, गाठ आहे असं तुम्हीच म्हणालात ना?”

“त्ये खोटं बोललो मी!”

“तुम्ही बोलला असाल,” डॉक्टर म्हणाले. “गाठ खरी आहे.”

पण बन्सीधर एव्हाना सदऱ्यानं गळा पुसत बाहेर पडला होता. सरजाबाई दारात घुटमळली. आत डॉक्टर, बाहेर नवरा. शेवटी ती नवऱ्यामागं निघाली.

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यामुळं स्टँडवर गाड्या अडकून पडल्या होत्या. ताडकळसची गाडी कशीबशी हलली, तोवर अर्ध्या गाडीला किस्सा पाठ झाला होता.

“मी गाठ हाय म्हणायची खोटी, मशीन लगीच ‘हो मालक’ म्हणाली! आमच्या बाजारातला दलाल तरी खोटं बोलायच्या आधी जरा इचार करतो!”

गाडी खदखदून हसली. पुढच्या बाकावरचा म्हातारा म्हणाला, “बरं झालं बाबा, नसती बला टळली.”

सरजाबाई तेवढी हसली नाही. ती मघापासून आपल्या गळ्यावरची गाठ दोन बोटांनी दाबत होती. दाबायची, सोडायची. दाबली की ती चपटी व्हायची. मग एकदम तिनं बन्सीधरच्या सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि त्याच्या गळ्याला हात घातला.

“आगं, चारचौघांत काय करायलीस?”

“मान हलवू नका.”

मागं कुणीतरी खाकरलं. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. बोटं डावीकडं सरकली आणि थांबली. तिनं दाबलं. पुन्हा दाबलं. बन्सीधर पुढचं सांगायला तोंड उघडून बसला होता. तिच्या बोटाखाली गारगोटीसारखं काहीतरी रुतलेलं त्यालाही कळलं. तोंड तसंच उघडं राहिलं.

सरजाबाई उठली आणि तिनं घंटीची दोरी ओढली. गाडी कचकन थांबली.

“काय मावशी, दवाखान्यात काई इसरलं का?” कंडक्टरनं विचारलं.

“इसरलं न्हाई, भाऊ,” बन्सीधरला दंडाला धरून उठवत ती म्हणाली. “पेशंट बदललाय.”