मिसेस क्लिंगरचं पत्र

पिठाची गिरणी पाहून झाली, दगडी चर्च पाहून झाले, गाव वसवणाऱ्यांच्या कबरीही पाहून झाल्या. तरी प्राध्यापक जनार्दन सबनीस ज्या कागदासाठी आले होते, त्याचा विषय लोर्ना क्लिंगर काढत नव्हती.

सत्तरीची लोर्ना गावच्या संग्रहालयात विनावेतन काम करी. नदीकाठच्या या बाराशे वस्तीच्या गावाला इतिहास इतका बेताचा होता, की तो दाखवायला एक बाई पुरत असे. पुलाजवळच्या निळ्या पाटीपाशी थांबून तिने सांगितले, की या गावाने येईल त्याला आसरा दिला.

"येईल त्याला," सबनीस म्हणाले. "अपवाद कोरायला पाटीवर जागा उरली नसेल."

लोर्ना पुढे चालू लागली. सुहासिनीबाई तिच्या बरोबरीने चालल्या, नवऱ्याच्या नव्हे.

१९६८ साली सबनीस या गावच्या हायस्कुलात इतिहास शिकवायला आले, ते लग्नाला तीन महिने झालेल्या बायकोला घेऊन. क्लिंगरांच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. पन्नास मैलांत त्या दोघांखेरीज भारतीय माणूस नव्हता. सबनीस शाळेत रमले. नदी गोठली, रस्ते बुजले, आणि सुहासिनीबाई दिवसदिवस खिडकीशी बसून राहू लागल्या. मार्चमध्ये शाळेच्या मंडळाला एक निनावी पत्र आले. मुख्याध्यापकांनी त्यातले एकच वाक्य वाचून दाखवले: 'आमच्या मुलांना या माणसाचं इंग्रजी कळत नाही.' जूनमध्ये नोकरी गेली. दोघे टोरोंटोला आले.

त्या एका वाक्यावर सबनिसांनी आयुष्य उभारले. आधी डॉक्टरेट, मग प्राध्यापकी, मग या देशाच्या हसतमुख द्वेषावर चार ग्रंथ. चारही ग्रंथांत ते वाक्य होते. पाचव्यात ते लिहिणाऱ्याचे नाव यायचे होते, आणि नाव त्यांना केव्हाच ठाऊक होते. वरच्या मजल्यावर फोडणी पडली, की खाली लोर्नाची आई, मिसेस क्लिंगर, दार आपटीत. उरला होता तो पुरावा. शाळा बंद पडल्यावर तिचे दप्तर संग्रहालयात आले होते, आणि खासगी पत्रे पन्नास वर्षे कुणालाही दाखवायची नाहीत, असा तिथला नियम होता. मार्च २०१९मध्ये ती मुदत संपली. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सबनिसांनी टोरोंटोतल्या नॉर्थ यॉर्कहून गाडी काढली.

पंधरवडाभर सुहासिनीबाई त्यांना जाऊ नका म्हणत होत्या. मिसेस क्लिंगरना जाऊन वीस वर्षे झाली, आता ते कागद उकरून काय मिळणार, असे त्यांचे म्हणणे. त्या वारल्याचे बाईंना ठाऊक होते, कारण दर ख्रिसमसला त्या क्लिंगरांकडे कार्ड पाठवीत. सबनीस या सवयीला भाबडेपणा म्हणत आणि चारचौघांत त्यावर विनोद करीत. शेवटी, जाणारच असाल तर मीही येते, म्हणून त्या गाडीत बसल्या. दोन तासांच्या वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडले, तेही वॉशरूमसाठी थांबायला सांगण्यापुरते.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत लोर्नाने टेबलावर पुठ्ठ्याची पेटी आणून ठेवली. झाकणावरचा हात तिने काढला नाही.

"आई शेवटपर्यंत विचारायची," ती म्हणाली. "तो मास्तर माझा निरोपही न घेता का गेला?"

"आज तिला उत्तर मिळेल."

"नाव छापणार तुम्ही?"

"छापणार. घराच्या पत्त्यासकट."

लोर्नाने आपली नात त्याच घरात राहते, एवढेच सांगितले. सबनिसांनी चष्मा पुसला. भूतकाळाशी ज्यांचा संबंध फक्त सुट्टीच्या दिवशी येतो, अशी माणसे दयेची अपेक्षा फार सहज करतात, असे त्यांच्या मनात आले. हे वाक्य प्रस्तावनेत शोभेल, असेही आले.

"अहो," सुहासिनीबाई मराठीत म्हणाल्या, "ती बाई आता उत्तर द्यायला नाही."

"म्हणूनच कागद लागतो. मेलेल्यांशी आमचा संवाद त्याच्यावरच चालतो."

"घरी जाऊ या. पन्नास वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं नाही."

"तो काही माझा दोष नव्हे," सबनीस म्हणाले, आणि त्यांनी पेटी आपल्याकडे ओढली.

पाकीट तळाशी होते. आत एकच कागद, चार घड्यांचा. त्यांनी तो दोन बोटांनी उलगडला. सगळा मजकूर इंग्रजी मोठ्या अक्षरांत, सुटा सुटा, हात ओळखू येऊ नये अशा बेताने लिहिलेला. माणूस सज्जन आहे, पण या गावाला साजेसा नाही. त्याची जागा मोठ्या शहरात आहे. कृपया पुढच्या वर्षी त्याला ठेवू नये. मग ते वाक्य, पन्नास वर्षांत ज्याचा एक शब्दही त्यांनी हलू दिला नव्हता. सही: 'एक पालक'.

"भित्र्यांची लिपी," सबनीस लोर्नाला म्हणाले. "तुमच्या आईची सही असलेलं काही असेल, तर घेऊन या. ताडून पाहू."

लोर्ना हलली नाही. तिने वाकून कागद पाहिला आणि वरच्या कडेशी बोट नेले.

"इथे काहीतरी गिरवलंय," ती म्हणाली. "पेन चालतंय का ते पाहिलं असेल."

सुहासिनीबाई उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. सबनिसांनी कागद उजेडात धरला. वरच्या कडेला, बरोबर मधोमध, मजकुराला हात घालण्याआधी हात आपसूक लिहून जातो तसे, लहानशा वळणदार अक्षरात लिहिले होते: श्री.