पिंप नको, माणूस पाहिजे

रिकाम्या पिंपासमोर गाडी आपोआप थांबली, तरी रविकिरणचं समाधान होईना. "दाजी, पिंपाचं काय घेऊन बसला? माणूस पाहिजे!"

देवणीबाहेरचा नवा सिमेंट रस्ता मोकळा होता. सुदर्शनने लातूरहून गाडी कालच आणली होती. समोर माणूस आला की ती स्वतः ब्रेक लावते, हे गावात सांगून झालं होतं आणि आज खास मेहुण्याला बोलावलं होतं. शोरूमवाल्याने हात जोडून आणखी एक गोष्ट सांगितली होती, "साहेब, माणसावर करून बघू नका." तेवढी मात्र सुदर्शनने गिळून टाकली होती.

"मग तुम्हीच उभं राहा की," बायको वर्षाराणी म्हणाली. "रवी चालवंल गाडी."

"मी उभा राहिलो तर गाडी दाखवणार कोण?" सुदर्शन हसला. ते हसू त्याचं त्यालाच खोटं वाटलं. रविकिरणही एकदम मोबाइलची काच पुसू लागला. मेहुण्याचा सगळा जोर जिभेतच होता.

तेवढ्यात शेताकडून व्यंकटी आला, डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन. सुदर्शनच्या वडिलांच्या काळापासूनचा हा सालगडी.

"व्यंकटी, जरा तिथं उभा राहा. हलू नको. गाडी आपली आपण थांबती."

व्यंकटीने पेंढी कडेला ठेवली, पटका नीट केला आणि फोटोला उभं राहावं तसा रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. का, कशाला, काही विचारलं नाही.

गाडीने वेग धरल्यावर सुदर्शनने वेग आपोआप कायम ठेवणारं बटण दाबलं. शेजारी रविकिरण मोबाइलवर सगळं टिपत होता. त्याला दिसावं म्हणून सुदर्शनने दोन्ही पाय सीटवर घेऊन चक्क मांडी घातली. "बघ, ब्रेकवर पाय न्हाई!"

व्यंकटी जवळ येत गेला. त्याच्या पांढऱ्या मिशा दिसू लागल्या, तरी गाडी थांबेना. शोरूमवाल्याचे जोडलेले हात सुदर्शनला आठवले. तो पाय खाली सोडायला गेला, तर एक पाय दुसऱ्याखाली अडकलेला. त्याने डोळे मिटले.

करकचून आवाज झाला. गाडी थांबली होती. व्यंकटीच्या धोतरापासून जेमतेम चार बोटांवर.

"एक नंबर, दाजी!" रविकिरण ओरडला. "पर हात हालला माझा. अजून एकदा घेऊ."

रस्त्याकडेच्या वर्षाराणीने नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. व्यंकटी जागचा हलला नव्हता. आणखी एकदा म्हणजे एकदा, तो गाडी मागे जायची वाट बघत होता.

सुदर्शन उतरला. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. मालक म्हणवून घेणाऱ्याने पिंपाच्या जागी माणूस उभा केला होता.

"बस झालं, व्यंकटी, बाजूला हो." मग त्याने कसंबसं विचारलं, "तुला भ्या न्हाई वाटलं?"

"भ्या कशाचं, मालक? ह्या गाडीचं मला काय बी कळत न्हाई," व्यंकटी पेंढी उचलत म्हणाला. "पर आत तुमी व्हता. तुमचा पाय ब्रेकवर असणारच की."