वेष्टनाचे वेष्टन

"यात तुझं चित्र कुठं आहे?" आईने विचारले.

आपली पोरगी दिवसभर घरात बसून काय रंगवते, हे आईला एकदाचे कळावे म्हणून शाल्मली तिला ग्रंथसंग्राहक विद्वांसांकडे घेऊन आली होती. शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबरीसाठी शाल्मलीने रंगवलेले वेष्टन त्यांनी खाकी कागदाखाली झाकून टाकले होते.

"काका, वेष्टन पुस्तक जपायलाच असतं."

"मान्य. परंतु वेष्टन कोण जपणार? इतके सुंदर चित्र उघडे ठेवणे हा अविचार आहे."

"मग ते बघायचं कुणी?"

"ते आत आहे, हे मला ठाऊक आहे. तेवढे पुरे. कादंबरीदेखील मी उघडत नाही, शिवण उसवते."

वाद व्यर्थ होता. शाल्मलीने पेन्सिल काढली आणि खाकी कागदावरच विद्वांस रेखाटले: चष्मा नाकाच्या टोकावर आणि ग्रंथ तान्ह्या बाळासारखा छातीशी. आई आधी कागदाकडे, मग विद्वांसांकडे पाहत राहिली आणि तोंडाला पदर लावून हसली. "हे तुला येतं होय गं?"

विद्वांसांनी चित्र उजेडात धरून बराच वेळ निरखले. "अप्रतिम," ते म्हणाले, आणि दुसरा खाकी कागद आणायला आत गेले.