सोबत्याने विचारलं तर

माझ्या कादंबऱ्यांना पोरखेळ म्हणणारे बाबा त्या संध्याकाळी आपणहून एक घेऊन बसले, तेव्हाच मला शंका आली. त्यात दुसऱ्या जगात जन्मलेला नायक होता आणि त्याची ताकद, त्याचा उरलेला जीव आकड्यांत दाखवणारी, हवेत तरंगणारी पाटी.

“ही पाटी बाकीच्यांना दिसते का गं?”

“नाही. ज्याची त्यालाच.”

“बरंय. उगाच गावभर बोभाटा नको.”

“पण सोबत्याने विचारलं तर दाखवावीच लागते. नियमच आहे तसा.”

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. जिना चढताना ते दोनदा थांबले होते, हे मी पाहिलं होतं. मला बघताच त्यांनी एक कागद घाईने खिशात सारला होता, तेही.

“चहा टाकू?” मी विचारलं.

“टाक,” ते म्हणाले.

सकाळी ते उठलेच नाहीत.

महिन्याभराने मी ती कादंबरी उघडली. हृदयाच्या तपासणीचा तो कागद त्यांनी खूण म्हणून ठेवला होता, बरोबर त्या नियमाच्या पानात. त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून, त्या संध्याकाळी जिभेवर आलेलं मी अखेर मोठ्याने म्हटलं, “बाबा, तुमची पाटी दाखवा ना.”