कानातली तोफ

“ऐकायला काही त्रास?” सैनिक कल्याण कार्यालयातल्या कीर्तीने मोठ्याने विचारलं.

“एकदम ठीक, मॅडम!” निवृत्त हवालदार रंगराव शेलार ताठ बसून म्हणाले.

“अहो, काय ठीक?” त्यांच्या पत्नी इंदुबाई कडाडल्या. “सैन्यातून सुटतानाही हेच बोललात, म्हणून कागदावर धडधाकट ठरलात. आता अपंगत्वाची पेन्शन कोण देणार?”

“तक्रार करायची सवयच नाही गं.”

कीर्तीने हसून रंगरावांच्या डाव्या कानात एक बारीक तार सरकवली. कानातल्या पेशी कोणत्या आवाजाने मेल्या, हे ती तार त्या पेशींवरच्या खुणांवरून ओळखायची आणि तोच आवाज पुन्हा ऐकवायची. इंदुबाईंनी तारेला जोडलेला हेडफोन लावला आणि दचकून खुर्चीचा हात घट्ट धरला.

“तोफ आहे,” कीर्ती म्हणाली. “हजारो वेळा, याच बाजूने. म्हणजे इजा नोकरीतलीच. हा पुरावा आता ग्राह्य धरतात, दावा मंजूर होईल.”

इंदुबाईंनी हेडफोन काढला. “मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम लक्ष देत नाही,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

रंगरावांना ते ऐकू गेलं नाही, ते नुसते हसले. मग इंदुबाई उठल्या, त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसल्या आणि तेच पुन्हा म्हणाल्या.