मुठीचं माप

"ही घे. बायकांच्या हाताला हीच बसती," म्हणत शहादेवानं दुकानातली काळी गिटार बहिणीच्या मांडीवर ठेवली.

मनकर्णानं डावा हात तिच्या नेकवर, म्हणजे तारा दाबायच्या त्या लांब दांड्यावर, धरला. नेक बारीक होता, मागून चपटा. पहिलं बोट आडवं टाकून तिनं सहाही तारा दाबल्या आणि उजव्या हातानं छेडल्या. दोन वाजल्या, चार नुसत्याच थडथडल्या. अंगठ्याच्या बुडातून निघालेली कळ पार कोपरापर्यंत गेली.

"बघ, म्हणलं न्हवतं मी?" शहादेव म्हणाला. "हात गेलाय तुजा. उगं हट्ट कावून करायलीस?"

गेला कुठला! कामातनं जायला तो काय सरकारी हातपंप होता? ऊस तोडताना कोयता घसरून अंगठ्याच्या बुडाशी बसला होता, एवढंच. जखम भरली, चिमटीतला जोर तेवढा गेला. त्याच हातानं तिनं दोन पावसाळे धुळाजीमामाच्या गिटारवर घालवले. पावसाळे म्हणायचे आपले, पाऊस कुणाला दिसलाय! बोटं फुटली, घट्टे पडले, गाणी बसली. फक्त सहा तारा एकदम दाबायचा तो बार काही वाजला नाही. आता मामा गिटार घेऊन लेकाकडं पुण्याला गेला होता आणि सुभद्राबाईच्या भीमगीतांच्या पार्टीत गिटारवाल्याची जागा रिकामी होती.

सुभद्राबाईनं रोकडं सांगितलं होतं. "जिच्यावर बार वाजंल ती गिटार घिऊन ये. न्हाई वाजला तर मोकळी ये, मी दुसरा माणूस बघते."

आणि परवा मुकादमाची गाडी होती. इकडच्या सहकारी कारखान्याच्या धुराड्यातून दोन वर्षं धूर निघाला नव्हता, म्हणून ऊसतोडीची टोळी कर्नाटकात निघाली होती. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे दोघं. एकट्याला कुणी गाडीत घेत नाही. आई वारल्यापासून नऊ हंगाम अप्पांच्या जोडीला मनकर्णाच जात होती. शहादेव बीडला क्लास लावून साहेब होणार होता. अजून होतोच आहे.

निघताना अप्पा एवढंच म्हणाले होते, "वाजलं तर ऱ्हा बाई हितं. माजं बघू काय ते."

"ताई, अजून दोन हायेत," दुकानदार बंकट म्हणाला. त्यानं लाल गिटार काढली. तिच्या नेकला मागून मधोमध उंचवटा होता. चार तारा वाजल्या. पण अंगठा त्या उंचवट्यावरून सारखा घसरत होता. मनकर्णानं पुन्हा दाबून बघितलं. पुन्हा चारच.

"आन ती वरची?" तिनं विचारलं.

"ती? लई दिवस पडून हाय ती. नेक जाड हाय, पोरं हात लावून ठिवून देत्यात."

"ती न्हाई!" शहादेव एकदम उठलाच. "निस्तं मुसळ हाय ते. मी मोबाइलवर बघितलंय सगळं. ल्हान हाताला बारीक नेकच लागतोय. न्हाई जमत तर न्हाई जमत, चल घरी."

"काढा भाऊ खाली," मनकर्णा म्हणाली.

बंकटनं धूळ पुसली, वायर जोडली. या वेळी मनकर्णानं बोटं कुठं पोचतात ते बघितलंच नाही. आधी दांड्याभोवती नुसती मूठ आवळली आणि मनात म्हणाली, अगं बाई, हा तर पाण्यावरचा जाडजूड ऊस! बारीक नेक तिला चिमटीत धरावा लागत होता आणि चिमटीत तर जोरच नव्हता. हा जाड दांडा तळहातावर टेकून बसला. ऊस असाच धरतात, कवळून. अंगठ्यानं चिमटत कुणी बसत नाही. नऊ हंगाम या हातानं दुसरं केलंय काय? सगळ्यांनी तिच्या बोटांचं माप घेतलं होतं, तिनंसुद्धा. मुठीचं माप कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिनं बोट आडवं टाकलं आणि छेडलं.

सहाही वाजल्या.

"वाजलं की वो ताई!" बंकट ओरडला.

चुकून वाजलं असेल म्हणून तिनं पुन्हा छेडलं. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, हात वर सरकवून पाचव्यांदा. कळ नाही की थडथड नाही. तिला हसू फुटलं, डोळे भरून आले, आणि बंकटसमोर रडू नये म्हणून ती अजून जोरात वाजवायला लागली.

"दादा, वाजलं!"

शहादेव स्टुलावर बसला होता. कपाळाला घाम आला होता. बहिणीनं एवढं मैदान मारलं आणि गड्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"वाजलं खरं," तो म्हणाला. "पन..."

"पन काय?"

त्याला ते बोलायचं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलंच.

"मग परवा अप्पासंगं कोन जाईल?"

मनकर्णाचा हात तारांवरच थांबला. तिनं बारीक नेकच्या त्या काळ्या गिटारकडं बघितलं, मग भावाकडं. बारीक नेकच घे म्हणून दोन दिवस हा कशासाठी एवढा मागं लागला होता, ते आता तिला सगळं कळलं. राग आला. लई आला. पण आवाज चढवला नाही. गिटार तिनं बंकटकडं दिली.

"हीच बांधा भाऊ," ती म्हणाली आणि भावाकडं वळली. "तू जाशील, दादा. ऊस कसा धरायचा ते मी शिकवते."