तँ, तिमी, तपाईं

१९५६ साली संपतनं लष्करातून सुट्टीवर येताना नेपाळी बायको ओतूरला आणली आणि तिला आईबापापाशी ठेवून तो पुन्हा नोकरीवर गेला. मनमायाला मराठी मोडकंतोडकंच येत होतं. दिवसभर खाणाखुणा करून सासू साळुबाई कंटाळली आणि भाकरी थापता थापता सुनेकडून नेपाळी शिकू लागली.

"धाकट्याला तँ, बरोबरीच्याला तिमी, मोठ्याला तपाईं," मनमायानं सांगितलं.

"आन् नवऱ्याला?"

"तपाईं."

"म्हंजी तिथंबी आमच्यावानीच," साळुबाई जरा खट्टू झाली.

मग कुरा म्हणजे बोलणं, हे कळलं. मोठ्या माणसाला गप्प करायचं तर 'कुरा नगर्नुहोस्', आणि तँ म्हणायच्या माणसाला नुसतं 'कुरा नगर्'.

एव्हाना मनमायाही गावचं मराठी बोलू लागली होती. एके दिवशी कालवण खारट झालं म्हणून सासरा रखमाजी ताटावरून जो सुरू झाला, तो थांबेचना. साळुबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तँ कुरा नगर्!"

सासूनं सासऱ्याला चक्क अरेतुरे केलेलं ऐकून मनमायाच्या हातातली पळी खाली पडली.

रखमाजीचा घास हातातच राहिला. "नगर? नगरचं काय म्हणती गं ही?"

मनमायानं पदर सावरला. "आबा, नगरला घोंगडी लई चांगली मिळत्यात म्हणत्यात."

 

दुसऱ्या दिवशी रखमाजी सकाळच्या एसटीनं नगरला गेला आणि घरात सासूसुनेनं दिवसभर पोटभर कुरा केल्या.